तोंडातला कॅन्टिलिव्हर

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल

खरं खरं सांगा, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला बीमचा चॅप्टर तुमच्यापैकी किती जणांनी परीक्षेच्या आदल्या रात्री, 'फॉर्म्युला पाठ करू, व्हायवाचं व्हायवाला बघू' असं म्हणत उरकलाय? आमच्या विंगमध्ये तर जवळजवळ सगळ्यांनीच! कॅन्टिलिव्हर म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली एक दांडी, तिच्या टोकावर एक बाण आणि बाणावर डब्ल्यू. ही दांडी प्रत्यक्षात कुठे असते असं सरांनी विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर तयार असतं, 'बाल्कनी, सर.' पण हीच दांडी माणसाच्या तोंडातही असते, रोज दोन जेवणं आणि मधल्या शेंगदाण्यांना ती लोड होते, आणि आपण पाठ केलेल्या फॉर्म्युल्याप्रमाणेच ती मोडते. त्या दांडीबद्दल हा लेख आहे.

लेख मराठीत लिहिते आहे, पण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. त्यामुळे शुद्ध पारिभाषिक शब्दांची अपेक्षा ठेवू नका. लॅबमध्ये आणि दवाखान्यात जे शब्द कानावर पडले तेच इथे आहेत.

आधी थोडी ओळख. डेंटल इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढायला गेले तर निघेचना, हाड त्याला धरूनच बसलं होतं. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. ब्रोनेमार्कना त्यात दात दिसले. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले आणि २००६ मध्ये लार्सन वारले तोपर्यंत ते काम देत होते. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त! आपल्याकडच्या किती मशीनचं आयुष्य एवढं असतं?

पण इम्प्लांट टिकणं वेगळं आणि त्यावरचे दात टिकणं वेगळं. ज्या जबड्यात एकही दात उरलेला नाही, तिथे प्रत्येक दातासाठी एकेक स्क्रू घालत नाहीत. खालच्या जबड्यात पुढच्या भागात चार, पाच किंवा सहा इम्प्लांट घालतात, त्यांच्यावर घोड्याच्या नालेसारखी एक धातूची फ्रेम स्क्रूने आवळतात आणि त्या फ्रेमवर दहा-बारा दात चढवतात. मग मागच्या दाढांखाली इम्प्लांट का नाहीत? कारण दात गेल्यावर मागचं हाड झिजून खाली जातं आणि त्याच्या आतून जबड्याची मोठी नस जाते. वरच्या जबड्यात हीच अडचण सायनसच्या पोकळीमुळे येते. म्हणून फ्रेम शेवटच्या इम्प्लांटच्या मागे तशीच पुढे वाढवतात, खाली आधार काही नाही. झाला की नाही कॅन्टिलिव्हर! आणि गंमत म्हणजे माणूस सगळ्यात जोरात चावतो तो नेमका तिथेच.

आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं एक अगदी पातळ अस्तर असतं. ते मशीनखालच्या रबर पॅडसारखं काम करतं. दात किंचित दबतो आणि किती जोरात चावलं हे मेंदूला कळवतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला असल्यामुळे तिथे पॅडही नाही आणि सेन्सरही जवळजवळ नाही. खडा लागला की आपण चटकन थांबतो, तसं तिथे होत नाही. सगळा धक्का फ्रेम, स्क्रू आणि हाड यांनीच झेलायचा.

हे सगळं मला का पडलं, तर आमच्या आजोबांची फ्रेम मोडली म्हणून. आजोबा मिरजेजवळच्या एका गावात राहतात. खालच्या जबड्यात पाच इम्प्लांट, त्यावर कोबाल्ट-क्रोमची ओतीव फ्रेम आणि अॅक्रिलिकचे दात. बरोबर तीन वर्षं चालली आणि एक दिवस भाकरी खाताना उजवीकडचा मागचा तुकडा हातात आला. ज्यांनी ती बसवली त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. त्यांनी तपासून सांगितलं, 'आजोबा ऊस खातात, मग काय होणार?' आजोबा म्हणाले, 'अहो, ऊस खायलाच तर दात बसवले!' मला आजोबांचं म्हणणं जास्त पटलं.

मी तो तुकडा रुमालात गुंडाळून कॉलेजला आणला. मेटलर्जी लॅबच्या सरांनी तो मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बघायला लावलं. मोडलेल्या पृष्ठभागाचा वरचा भाग घासला जाऊन गुळगुळीत झाला होता, खालचा भाग खरखरीत. म्हणजे वरून एक बारीक भेग आधीच सुरू झालेली, ती रोज थोडी थोडी खाली सरकत गेली आणि उरलेला भाग शेवटच्या घासाला एकदम तुटला. टिपिकल फटीग! भेगेच्या सुरुवातीला ओतकामातलं एक छोटं भोक होतं. आणि जागा? शेवटच्या इम्प्लांटच्या लगेच मागे. बेंडिंग मोमेंट डायग्राम काढली असती तर जिथे सगळ्यात उंच टोक आलं असतं, तिथेच. भेग वरूनच का, हेही सरळ आहे. दाढेवर खाली दाब आला की दांडीचं टोक खाली वाकतं, वरच्या बाजूला ताण येतो आणि खालच्या बाजूला दाब. भेगेला ताण आवडतो.

मग व्हर्नियर घेऊन मी माप घेतलं. मोडलेल्या जागी फ्रेमची रुंदी ५ मिलीमीटर, उंची फक्त ३. शेवटच्या इम्प्लांटपासून टोकापर्यंत लांबी १८ मिलीमीटर.

आता आपली स्टीलची फुटपट्टी घ्या. टेबलाच्या कडेबाहेर आडवी धरून टोक दाबा, सहज वाकते. तीच पट्टी उभ्या कडेवर धरा आणि दाबा. वाकतच नाही. स्टील तेच, वजन तेच, फक्त उभी धरली. घराच्या माळ्याची तुळई सुतार कधी आडवी घालत नाही, ती याच कारणासाठी. काटकोनी छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढताना रुंदी एकदाच येते, पण उंचीचा घन येतो. आजोबांची फ्रेम म्हणजे आडवी धरलेली फुटपट्टी होती.

आकडे घालून बघू. टोकावर २०० न्यूटन, म्हणजे साधारण वीस किलोचा भार धरते. हा काही फार नाही, धडधाकट माणूस दाढेवर जोर लावून चावला तर ५०० न्यूटनच्याही पुढे जातो. २०० गुणिले १८ म्हणजे ३६०० न्यूटन-मिलीमीटरचा मोमेंट. ५ रुंद आणि ३ उंच अशा छेदावर स्ट्रेस येतो ४८० मेगापास्कल. ओतीव धातूत, आत बारीक भोकं असताना, हा आकडा रोज शेकडो वेळा देणं म्हणजे भेगेला आमंत्रणच. आता तेवढाच धातू उभा करा, ३ रुंद आणि ५ उंच. स्ट्रेस उतरून २८८ वर येतो! टोकाचा वाक आधी ०.१६५ मिलीमीटर होता, तो ०.०६ च्या आसपास येतो. एक ग्रॅमही धातू वाढवला नाही.

दुसरा उपाय म्हणजे लांबी कमी करणे. डिफ्लेक्शनमध्ये लांबीचाही घनच येतो. ती आडवी ५ बाय ३ ची फ्रेम तशीच ठेवून लांबी १८ वरून १३ केली तरी वाक ०.०६ वरच येतो. म्हणजे फ्रेम उभी करणं आणि तिचं टोक पाच मिलीमीटर छाटणं, दोन्हीचा वाकावर परिणाम जवळजवळ सारखा. मग वाटेल की उंची वाढवली की काम झालं, दात कशाला छाटायचे? आजोबांनीही नेमकं हेच विचारलं.

इथे मेसचा बाक आठवा. बाकाचे पाय टोकापासून आत असतात. तुम्ही अगदी टोकाला बसलात आणि दुसऱ्या टोकाचा मित्र उठला की काय होतं हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको! बाक कितीही जाड सागवानी असला तरी तो उलटतोच. जाडीचा आणि उलटण्याचा संबंधच नाही. तोंडात बाक उलटत नाही, कारण पाय स्क्रूने खाली आवळलेले आहेत. पण उलटण्याचा सगळा जोर त्या स्क्रूंवर येतो. आजोबांच्या शेवटच्या दोन इम्प्लांटमधलं अंतर ९ मिलीमीटर आहे. टोकाला २०० न्यूटन दिले तर शेवटच्या इम्प्लांटवर दाब येतो ६०० न्यूटन, म्हणजे चावण्याच्या तिप्पट, आणि त्याच्या पुढचा इम्प्लांट ४०० न्यूटनने वर ओढला जातो. लांबी १३ केली तर हेच आकडे साधारण ४९० आणि २९० होतात. अर्थात हा दोन टेकूंचा शाळकरी हिशोब झाला. खरी फ्रेम वळलेली असते, बाकीचे तीन इम्प्लांटही वाटा उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरेल. पण दिशा तीच.

म्हणून नुसती मजबूत फ्रेम हे उत्तर नाही. फ्रेम मोडली नाही तर स्क्रू सैल होतो, स्क्रू टिकला तर अॅक्रिलिकचा दात उडतो आणि सगळंच टिकलं तर भार हाडावर जातो. फ्रेमच्या आकाराने आपण काय मोडेल, कधी मोडेल आणि ते बदलता येईल का, हे ठरवत असतो. ब्रोनेमार्कच्या जुन्या पद्धतीत फ्रेम आवळणारा बारीक सोन्याच्या मिश्रधातूचा स्क्रू मुद्दाम सगळ्यात कमजोर ठेवलेला असे. घरातल्या फ्यूजसारखा. तो गेला तर नवा घाला, पण हाडातला इम्प्लांट वाचला पाहिजे.

ताठ फ्रेमचा दुसरा फायदा मात्र मोठा आहे. लवचिक फ्रेमवर भार पडला की जवळचा एकच इम्प्लांट तो झेलतो, लांबच्यांना पत्ताच लागत नाही. ताठ फ्रेम सगळ्यांना कामाला लावते. हे गणित १९८३ मध्ये मांडलं ते कोलंबिया विद्यापीठाच्या रिचर्ड स्कालाक यांनी, आणि ते दातांचे डॉक्टर नव्हते, सिव्हिल इंजिनिअरिंग विभागातले प्राध्यापक होते! आमच्या वर्गात 'मेडिकलचं मेडिकलवाल्यांनी बघावं' म्हणणारे जे आहेत त्यांच्यासाठी ही माहिती खास.

आता फ्रेम वरून बघू, म्हणजे टॉप व्ह्यू. पाचही इम्प्लांट एका सरळ रेषेत असतील तर मागे फार लांब जाता येत नाही, कारण आधाराला खोलीच नाही. तेच इम्प्लांट कमानीत असतील, मधला बराच पुढे आणि टोकाचे मागे, तर बाकाचे पाय लांब पसरल्यासारखं होतं. मधल्या पुढच्या इम्प्लांटपासून टोकाच्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं हे अंतर डॉक्टर मोजतात आणि कॅन्टिलिव्हर त्याच्या दीडपटीच्या आत ठेवायचा असा एक ठोकताळा आहे. आजोबांचं हे अंतर १० मिलीमीटर, म्हणजे फार तर १५ ची परवानगी. दिले होते १८. ठोकताळा हा कायदा नव्हे हे मान्य. समोर कवळी असेल तर जोर कमी लागतो आणि थोडं जास्त चालतं, रात्री दात खाणारा माणूस असेल तर १५ सुद्धा जास्तच. वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं, तिथे आणखी हात आखडता घ्यावा लागतो. पण आजोबांच्या वरच्या जबड्यात बहुतेक स्वतःचे दात आहेत, आणि ते ऊस सोलू शकतील असे आहेत!

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या पाउलो मालो यांनी नव्वदच्या दशकात यावर एक सुंदर युक्ती काढली. मागचे दोन इम्प्लांट सरळ न घालता तिरके घालायचे, ३० ते ४५ अंशांत, असे की त्यांचं डोकं मागे येईल पण टोक नसेच्या पुढेच राहील. त्यामुळे शेवटचा टेकू कित्येक मिलीमीटर मागे सरकतो आणि कॅन्टिलिव्हर तेवढा आखूड होतो. ऑल-ऑन-फोर म्हणतात तिला, कारण चार इम्प्लांटवर सगळी कमान उभी राहते. तिरका इम्प्लांट ऐकून आपल्याला वाटतं, बेंडिंग वाढेल की. एकटा उभा असता तर वाढलं असतं. पण वरून ताठ फ्रेमने सगळ्यांना बांधलेलं असतं, त्यामुळे तिरकेपणाचा तोटा कमी आणि आखूड दांडीचा फायदा जास्त पडतो. गुंतवणारा भाग हाच आहे. फ्रेम लवचिक केली तर ही सगळी युक्तीच फसते.

छेदाच्या आकाराकडे परत येऊ. चौकोनी छेदात मधला धातू जवळजवळ फुकट बसलेला असतो, कारण न्यूट्रल अॅक्सिसजवळ स्ट्रेसच नसतो. म्हणून गर्डर आय आकाराचा असतो. फ्रेमलाही आय किंवा एल आकार देता येतो. एल मध्ये जिभेच्या बाजूला उभी भिंत राहते आणि ओठाच्या बाजूला अॅक्रिलिक दातांना जागा मिळते. ताठपणा भिंतीतून येतो आणि दाताला पाठीशी टेकूही मिळतो.

पण एक ठिकाण असं आहे जिथे आय, एल सगळं बाजूला पडतं, ते म्हणजे स्क्रूचं भोक. फ्रेम आवळायला इम्प्लांटच्या बरोबर वरून आरपार भोक लागतं. ४ मिलीमीटर रुंदीच्या दांडीत अडीच मिलीमीटरचं भोक पाडलं तर उरलं दीड, आणि तिथला स्ट्रेस अडीचपटीहून वर जातो. म्हणून भोकाभोवती फ्रेम फुगवून गोल करावी लागते. आणि तो गोल भाग जिथे दांडीला मिळतो तो कोपरा टोकदार ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. भंडारींच्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात शाफ्टच्या पायरीला फिलेट द्या म्हणून पानंच्या पानं आहेत, ती आपण मार्कांसाठी वाचतो. आजोबांच्या तुकड्यावर तो कोपरा नखाला टोचत होता.

फ्रेमवरच्या आवरणाचंही थोडं सांगते. अॅक्रिलिकऐवजी चिनी मातीसारखं पोर्सेलिन चढवलं तर दात सुंदर दिसतात, पण पोर्सेलिन दाबाला मजबूत आणि ताणाला अगदी कच्चं. फ्रेम सगळीकडे सारख्याच जाडीची बारीक दांडी केली तर दाताच्या उंचवट्यांखाली पोर्सेलिनचा जाड थर राहतो, मागे आधार नाही. विटेचा आधार नसलेला जाड गिलावा कसा पापुद्र्याने पडतो, तसा त्याचा टवका उडतो. त्यामुळे फ्रेमलाच आधी दाताचा लहान आकार द्यायचा आणि वर सारख्या जाडीचा पातळ थर चढवायचा, ही पद्धत आता रूढ आहे. झिर्कोनियाच्या फ्रेमवर सुरुवातीला टवके उडण्याच्या तक्रारी फार होत्या. त्यात थंड होतानाच्या स्ट्रेसचा वाटा होता, पण आधार न देणाऱ्या आकाराचाही होता. अॅक्रिलिकचे दात पडणं, झिजणं ही तर अशा फ्रेमवरची सगळ्यात नेहमीची तक्रार. मात्र ते परत बसवता येतात, म्हणून मला वैयक्तिक ते फ्यूज म्हणून बरे वाटतात.

नीट बसण्याचा मुद्दा लांबलचक आहे, मी थोडक्यात उरकते. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असेल तर टेबल डुगडुगतं. फ्रेम डुगडुगत नाही, कारण स्क्रू तिला ओढून खाली बसवतात, आणि मग काही न चावताही फ्रेम, स्क्रू आणि हाड कायमचे ताणलेले राहतात. अख्खी कमान एका तुकड्यात ओतली की थंड होताना ती आक्रसते आणि वळते. कमान जितकी मोठी तितकी चूक मोठी. पूर्वी ती कापून परत डाग देऊन जोडत, आणि मग जोड हीच कमजोर जागा. आता तोंडाचं स्कॅन किंवा मॉडेल कॉम्प्युटरवर घेऊन टायटॅनियमच्या अखंड चकतीतून फ्रेम मिलिंगने कोरतात. आत ओतकामाची भोकंही नाहीत. तपासायची युक्ती अगदी साधी आहे. एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का बघायचं. आपल्या वर्कशॉपमध्येही चालेल अशी टेस्ट.

आता इंजिनिअरच्या उत्साहाला ब्रेक लावणारी गोष्ट. उंची वाढवा, उंची वाढवा असं मी वर म्हणत आले, पण तोंडात उंची आणणार कुठून? इम्प्लांटच्या डोक्यापासून वरच्या दातापर्यंत अशा कामाला साधारण १५ मिलीमीटर जागा हवी असते. त्यातच फ्रेम, अॅक्रिलिक, दात आणि खाली साफ करायला फट, सगळं बसवायचं. फ्रेम खाली वाढवून हिरडीवर टेकवली तर ब्रश जात नाही. खालची बाजू खोलगट केली तर अन्न अडकून बसतं. ती बाहेरून फुगीर आणि गुळगुळीतच हवी. अन्न अडकलं की हिरडी सुजते, पुढे इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतं, आणि हाड खाली गेलं की इम्प्लांटचा हाडाबाहेरचा भाग वाढतो. म्हणजे पुन्हा लीव्हर आर्म वाढला! इम्प्लांटच्या फटीग टेस्टचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १४८०१, त्यात नमुना ३० अंश तिरका धरतात आणि ३ मिलीमीटर हाड झिजलेलं आहे असं धरूनच पन्नास लाख सायकल देतात. म्हणजे स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनीही हाड झिजणार हे गृहीत धरलंय. घासायचा ब्रश हासुद्धा डिझाइनचा भाग आहे, हे मला आजोबांच्या नव्या डॉक्टर मॅडमनी शिकवलं. मी फ्रेम ७ मिलीमीटर उंच करा म्हणून कागद घेऊन गेले होते. मॅडमनी कागद नीट वाचला आणि शांतपणे विचारलं, 'आणि आजोबा खालून घासणार कसं?'

शेवटी ठरलं ते असं. मिलिंगची टायटॅनियम फ्रेम, मागच्या भागात रुंदी ४ आणि उंची साडेपाच. कॅन्टिलिव्हर १३. त्यासाठी मागची मोठी दाढ काढून टाकून तिथे छोट्या दाढेएवढा दात, आणि तोही वरच्या दाताला अगदी हलका टेकेल असा. टायटॅनियमचा ताठपणा कोबाल्ट-क्रोमच्या निम्म्याच्या आसपास, ११० विरुद्ध २१० गिगापास्कल. तरीही तोच २०० न्यूटनचा भार धरून हिशोब केला तर टोकाचा वाक ०.१६५ वरून ०.०२४ मिलीमीटरवर येतो, जवळजवळ सातपट कमी, आणि स्ट्रेस ४८० वरून १२९ मेगापास्कल. मटेरियल 'मऊ' झालं आणि फ्रेम ताठ झाली. आजोबांना हे आकडे वाचून दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पोरी, पण दाढ लहान केलीत ती केलीतच ना?' मोठी दाढ गेल्याचा राग अजून आहे. ऊस आता सुरीने तुकडे करून, पुढच्या बाजूला चावून खातात. दर सहा महिन्यांनी मॅडम स्क्रू तपासतात.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही, आणि बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. आपला खालचा जबडा स्वतःच लवचिक आहे. तोंड मोठं उघडलं की दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला आत ओढतात आणि नालेचे दोन पाय किंचित जवळ येतात. आपण मात्र त्याच्यावर एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत ताठ धातूची कमान आवळून ठेवतो. इम्प्लांट पुढच्या भागातच असतील तर फारसं बिघडत नाही, कारण वाक मुख्यतः मागे असतो. पण दाढांच्या जागीही इम्प्लांट असतील तर काही डॉक्टर फ्रेम मधोमध दोन तुकड्यांत करतात. म्हणजे एकीकडे ताठपणा हवा कारण भार वाटला जातो, आणि दुसरीकडे तो नको कारण हाडाला हलू द्यायचंय. मग फ्रेम कुठे तोडावी, आणि तोडल्यावर दोन्ही तुकड्यांचे कॅन्टिलिव्हर कसे धरावेत? प्लॅस्टिकचा जबडा थ्री-डी प्रिंट करून त्यावर स्ट्रेन गेज चिकटवता येतील. गेजचा डबा एस.ओ.एम. लॅबच्या दुसऱ्या कपाटात आहे, चावी लॅब असिस्टंट काकांकडे.